तडा गेला आहे काय

कपाट सरकवलं तेव्हा मागे भेग नव्हती. भिंत होती, तीच, माझ्या खोलीची बाहेरच्या अंगाची, फिकट पिवळी. आणि त्या पिवळ्यावर काहीही नव्हतं. योजनेच्या कचेरीतून तपासणीला आलेला माणूस माझ्या मागे बॅटरी पेटवून उभा होता. "कुठे आहे तडा, ताई?" त्यानं विचारलं, आणि "हा काय" म्हणत मी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. मग उगीच मी तो भिंतीवर ठेवला. भिंत गार होती आणि गुळगुळीत होती. मी त्याला दुसऱ्या भिंतीकडे नेलं नाही, कारण दुसरी भिंत नव्हतीच, म्हणजे होती, चारही होत्या, पण भेग या भिंतीत होती, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर जाणारी, आणि तीन वर्षं मी तिच्या शेजारी झोपत आले होते. आपल्याच घरात पत्ता चुकल्यासारखं झालं. "असेल इथेच," मी म्हणाले. हे बोलताना आपण चष्मा शोधत असल्यासारखं बोलतो आहोत हे माझं मलाच कळलं, पण दुसरं काय म्हणणार? असेल म्हणजे काय, भेग काय कुठे फिरायला जाते?

त्या माणसानं नाक पुसलं. त्याला सर्दी झालेली होती आणि सकाळपासूनचं हे त्याचं सातवं घर होतं, अजून चार राहिली होती, हे त्यानं आल्या आल्याच सांगितलं होतं. त्याच्या हातात प्लॅस्टिकची एक पारदर्शक पट्टी होती, तिच्यावर केसाएवढीपासून काडेपेटीतल्या काडीएवढीपर्यंत जाडीच्या काळ्या रेघा. ती भेगेवर ठेवायची आणि कुठली रेघ जुळते ते लिहायचं. त्यानं ती पट्टी भिंतीवर इथे तिथे ठेवून पाहिली, मला बरं वाटावं म्हणून असावी. माझ्या भेगेला ती पट्टी पुरली नसती. पहिल्या वर्षी तिच्यात पोस्टकार्ड जायचं, गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या करंगळीचं टोक जायला लागलं आणि बोट बाहेर काढलं की त्याला करडी, चमचमणारी भुकटी लागलेली असायची. सरकारी पत्रकात लिहिलं होतं की दर महिन्याला भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख घालावी. मी घातली होती. शिस्तीत, एकतीस तारखा, पोरांची उंची दाराच्या चौकटीवर लिहितात तशा. माझं अक्षर, माझी पेन्सिल. त्या तारखाही नव्हत्या. आता एखाद्या माणसाला एका भेगेचा भास होईल, समजू शकते, पण तारखांसकट?

खरं तर भास होणं अशक्य होतं, कारण भेगा साऱ्या गल्लीत होत्या. वीस वर्षांपूर्वी ही गल्ली एकाच हंगामात उभी राहिली, चाळीस घरं, आणि चाळीसही घरांना एकाच कारखान्याचे सिमेंटचे ब्लॉक. त्या ब्लॉकच्या खडीत अभ्रक फार होतं. ते पाणी पितं, वर्षानुवर्षं पितं, आणि एक दिवस ब्लॉक हातात घेतला तर ओल्या बिस्किटासारखा तुटतो. हे आम्हाला कळलं तेव्हा कारखाना बंद पडून सात वर्षं झाली होती. मग डोक्यावर पिवळ्या टोप्या घातलेली समिती आली, तिनं भिंतींना हात लावतानाचे फोटो काढून घेतले. मग अहवाल आला, अहवालावर अहवाल आला, आणि शेवटी योजना आली: ज्यांचं घर खरोखर बाधित ठरेल त्यांचं पाडून सरकार तिथेच नवं बांधून देईल. भेगांचे फोटो पाठवून चालणार नाही, अधिकारी येऊन डोळ्यांनी पाहील. कारण सुरुवातीला फोटो मागवले तर सात घरांच्या अर्जांना एकच भेग जोडलेली निघाली. आमच्या समोरच्या टेलरबाईच्या भेगेचा फोटो सगळ्यात छान आला होता, तो लोकांनी मागून नेला होता. टेलरबाईचं घर मंजूर झालं. तिच्या बाहेरच्या भिंतीला आता लोखंडी टेकू लावलेत आणि ती त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून काज करत बसते. तिच्या मागच्या भिंतीचा दाराएवढा तुकडा दुपारी ती भाजी निवडत असताना पडला. अंगावर आला नाही इतकंच. माझं अंथरूण ज्या भिंतीला लागून आहे ती त्याच कारखान्याची, त्याच खेपेची. मला हे घर पाडून हवं होतं. दुसरं काही नको होतं. सहा महिने मी झोपताना डोक्यावर उशी घेत होते, आणि उशीनं काय होणार हे न कळण्याइतकी मी वेडी नव्हते.

"चौदा नंबरला काय लिहू?" त्या माणसानं विचारलं आणि अर्ज माझ्यासमोर धरला. चौदावा प्रश्न होता: घराच्या भिंतीस तडा गेला आहे काय? हा प्रश्न पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा बाबा म्हणाले होते, "तडा काचेला जातो. भिंतीला भेग पडते. सरकारात एक गवंडी नाही वाटतं." चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, त्याला शब्दाची चीड येणारच. आता मी तोच प्रश्न वाचत होते आणि त्याचा मला अगदी भलताच अर्थ लागत होता. तडा गेला आहे काय? हो, गेला आहे. काल-परवापर्यंत होता, आज गेला. मला हसू आलं. त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे पाहिलं, आणि त्यालाही ते कळलं असावं, कारण नाक पुसता पुसता तो म्हणाला, "गेलाय खरा." आम्ही दोघंही हसलो आणि लगेच थांबलो. मग त्यानं नखानं भिंत हलकेच खरवडली, नखाचा वास घेतला. "ताई, मी काही म्हणत नाही," तो म्हणाला, "पण रंग अजून आतून ओला आहे."

मी कान तपासते. म्हणजे डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत माणसाला काचेच्या पेटीत बसवून कानाला हेडफोन लावते, हातात बटण देते आणि सांगते, आवाज आला की दाबा. मग मी बारीक बारीक आवाज सोडते. एकोणीस वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे: मी आवाज सोडलेलाच नसतानाही माणसं बटण दाबतात. खोटेपणानं नव्हे. काचेपलीकडे एक बाई आपल्याकडे बघते आहे, तिला निराश कसं करायचं, म्हणून त्यांना खरंच आवाज येतो. मी त्यांच्याकडे पाहून मनातल्या मनात हसत आले. आता भिंतीसमोर उभं राहून मला वाटायला लागलं की आपणही तीन वर्षं बटण दाबत होतो की काय. गल्लीतल्या सगळ्यांना भेगा, मग मला का नाही? पण करंगळीला लागलेली भुकटी? ती तर मी बेसिनमध्ये धुतली होती, पांढऱ्या बेसिनमध्ये तिची करडी रेघ खाली गेली होती. की ते टेलरबाईकडे? मला आठवेना. जी गोष्ट मी रोज पाहिली तिच्याविषयी खात्रीनं काही सांगता येईना. जे एकदाच पाहिलं ते मात्र लख्ख दिसत होतं, समितीतल्या एका बाईंच्या हातमोज्याला पडलेलं भोक.

मी बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. हे मला बाबांनी शिकवलेलं. मी लहान असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर कामावर जायचे, ओळंब्याची दोरी धरायचे, आणि गिलावा सुकला की ते मला भिंतीला कान लावायला सांगून पलीकडून टकटक करत सरकायचे. आवाज टणक आला तर मान हलवायची, बद्द आला तर हात वर करायचा. बद्द म्हणजे आत पोकळ राहिलं, तेवढं खरडून पुन्हा. मी कधीच उगीच हात वर केला नाही. बाबा लोकांना सांगायचे, पोरीचा कान सोन्याचा आहे. आणि आज आवाज टणक आला. खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत, जिथे जिथे भेग होती तिथे सगळीकडे टणक, नव्या घरासारखा. मग मी त्या माणसाच्या हातून बॅटरी घेतली, भिंतीला टेकवून उजेड आडवा सोडला, आणि मला दिसलं. कोपऱ्यात, जिथे दोन भिंती भेटतात तिथे, अर्धगोल. बाबा गिलाव्याचा शेवटचा हात कोपऱ्यात असा वळवून उचलतात, पानावरून बोट उचलावं तसा. बाकीचे गवंडी सरळ ओढतात. त्यांचे हात आता थरथरतात, चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. आणि ही भिंत एका हातानं, एका दमात केलेली होती. सात वर्षांत त्यांनी थापी उचललेली मी पाहिली नव्हती. मी सकाळी आठला जाते, सहाला येते. तीन दिवसांपूर्वी बाबांनी कपाट भेगेपुढे आणून ठेवलं होतं, तुकडा अंगावर पडायला नको म्हणून, आणि तीन दिवस घरात रंगाचा वास येत होता, तो मी समजत होते टेलरबाईकडून येतो आहे. माझा कान सोन्याचा असेल, नाकाची काही कमाल नाही.

मी मागच्या दारी गेले. बाबा बादलीवर वाकून थापीवरचं वाळलेलं सिमेंट धूत होते. म्हणजे लपवत नव्हते. "बाबा, भेग बुजवलीत?" मी विचारलं. त्यांनी वर पाहिलं नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. डाव्या कानानं त्यांना दार आपटलेलं कळतं, बोललेलं कळत नाही. हे मीच तपासून कागदावर काढलेलं आहे. मी उजवीकडे गेले आणि पुन्हा विचारलं. "साहेबांना चहा दिलास का?" ते म्हणाले. हे आता नेहमीचंच. त्यांनी ऐकलं नाही की त्यांना ऐकायचं नाही, हे तीन वर्षांत मला एकदाही कळलेलं नाही, आणि हा माझा धंदा आहे. माणूस पोटतिडकीनं विचारतो आणि समोरचा चहाचं बोलतो. मला राग आला, इतका की बादली लाथाडावीशी वाटली. आणि त्याच क्षणी त्यांच्या धुतलेल्या बोटांवरच्या सुरकुत्यांत सिमेंट अडकलेलं दिसलं, आणि मी तशीच आत वळले.

ही चाळीस घरं त्यांनी बांधली. सगळी एकट्यानं नव्हे, हाताखाली माणसं होती, पण मुख्य गवंडी ते. ब्लॉक कुठून घ्यायचे हे कामाच्या मालकानं ठरवलं, बाबांनी नाही. पण पहिली खेप आली तेव्हा त्यांनी एक ब्लॉक उचलून, वाजवून, "चालेल" म्हटलं होतं. ते चालेल गल्लीतल्या जुन्या लोकांना अजून आठवतं. अर्जातला नववा प्रश्न आहे, बांधकाम कोणी केले? आणि एकोणचाळीस अर्जांत बाबांचं नाव आहे. कुणी वाईट बुद्धीनं लिहिलं नसेल. प्रश्न होता, उत्तर होतं. पण ज्या आठवड्यात अर्ज वाटले गेले त्या आठवड्यापासून बाबा चौकात जायचे थांबले आणि त्याच आठवड्यापासून त्यांना ऐकू येईनासं झालं. मी त्यांना काचेच्या पेटीत बसवलं. त्यांनी बटण जवळजवळ दाबलंच नाही. आलेख इतका नीटस आला की डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला. "वयच आहे," ते म्हणाले, आणि मीही म्हणाले, वयच आहे. चाळिसावा अर्ज आमचा. नवव्या प्रश्नापुढे मी लिहिलं होतं: माहीत नाही.

आत आले तर तपासणीवाला माझ्या पलंगावर कागद पसरून बसला होता आणि टेलरबाई दारात उभी होती, गळ्यात टेप तशीच. "काय म्हणतात साहेब? होतंय ना तुमचं?" तिनं विचारलं. त्यानं मला समजावून सांगितलं, माझ्यावर दया आल्यासारखं, हळू. चौदाला नाही आणि पंधराला नाही, तर फाइल उघडी राहते; सहा महिन्यांनी पुन्हा कुणीतरी येईल, भिंत आतून खराब असेल तर तोवर भेग पुन्हा तोंड काढेलच. पण पंधराला होय, म्हणजे घरच्यांनी परस्पर दुरुस्ती केली, तर अर्ज बाद. कायमचा. अपील नाही. "लोक बुजवून, रंगवून घरं विकत होते ना ताई, म्हणून हा नियम आला. मला घरातल्यांना विचारावं लागतं. ते सांगतील ते मी लिहितो. मी काही बघितलं नाही, मला सर्दी आहे." असं म्हणून त्यानं खरंच नाक पुसलं. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा हात पुसत आत आले आणि त्याच्या शेजारी, त्याच्याकडे डावा कान येईल असे उभे राहिले. आणि त्यानं, नियमाप्रमाणे, वडीलधाऱ्या माणसालाच विचारायला हवं म्हणून असेल, मान वर करून विचारलं, "काका, ही भेग तुम्ही बुजवलीत का?"

"हो," बाबा म्हणाले. "मीच. दुसरं कोण?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पंधराव्या प्रश्नापुढे होय वर पेन टेकवलं आणि टिकलीएवढी खूण केली. माझ्या कानात नुसतं घुं व्हायला लागलं. म्हाताऱ्या कानात सगळ्यात आधी कडा झिजतात, अक्षरांच्या कडा. हे मी रोज चार जणांना समजावते. भेग बुजवली, भिंत बांधली. कडा काढून घेतल्या तर दोन्हीकडे एक भ उरतो, एक ब उरतो, आणि मधलं जे ऐकू येत नाही ते माणूस आपल्या मनात असेल त्यानं भरतो. बाबांच्या मनात तीन वर्षं एकच प्रश्न होता. ही भिंत तुम्ही बांधलीत का? त्यांनी तोच ऐकला असणार. जो गल्लीत कुणी तोंडावर विचारला नाही आणि ज्याचं उत्तर त्यांनी कुणाला दिलं नाही, तो प्रश्न एक शेंबडा साहेब येऊन विचारतो, आणि ते म्हणतात, हो, मीच. की त्यांनी भेगच ऐकली? तेही उत्तर तेच. दोन्ही खरं. पण एका खऱ्यानं माझं घर जात होतं. मला काहीच समजेना, समजून घ्यायला वेळही नव्हता. टिकलीची बरोबरची खूण व्हायला पेन अजून एकदा टेकायचं बाकी होतं. "थांबा," मी म्हणाले. "त्यांना ऐकू येत नाही. मी तपासलंय. ते वेगळंच सांगतायत."

"मग तुम्ही विचारा," तो म्हणाला, "त्यांना कळेल असं."

मी बाबांच्या उजव्या कानाशी गेले. पेशंटशी बोलते तशी, सुटं सुटं, मोठ्यानं. आणि मी त्यांना त्याचा प्रश्न विचारला नाही. टेलरबाई दारात होती हे माहीत असून मी विचारलं, "बाबा, भिंत. भिंत कोणी बांधली?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. एरवी ऐकायला धडपडणारी माणसं ओठांकडे बघतात. ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मग ते टेलरबाईकडे वळले आणि तिलाच म्हणाले, "मी बांधली. तुझीही मीच बांधली बाई. ब्लॉक मीच वाजवून बघितले होते, चालेल म्हटलं होतं. मला तेव्हा कळलं नाही." टेलरबाई टेपची गुंडाळी करत राहिली, उलगडत राहिली. "जाऊ द्या हो काका," ती अखेर म्हणाली, "कुणाला कळलं होतं?" आणि ती घाईनं निघून गेली. तपासणीवाल्यानं होय खोडलं, नाही वर खूण केली, खोडल्याजागी सही केली. मग पानं मागे उलटून नवव्या प्रश्नाशी थांबला. "इथे तुम्ही माहीत नाही लिहिलंय," तो म्हणाला. मी पेन घेतलं आणि त्यापुढे बाबांचं नाव लिहिलं.

त्याला सोडायला आम्ही पायरीपर्यंत आलो. तो टेकू ओलांडून पुढच्या घराकडे गेला. बाबा पायरीवर बसले. मी त्यांच्याशेजारी उभी होते, जीव भांड्यात पडायला हवा होता, फाइल उघडी होती, सहा महिने हाताशी होते, मग बरं का वाटत नव्हतं? "काय झालं आज, मला काही समजलंच नाही," मी म्हणाले. त्यांना नव्हे, स्वतःशीच, ओठातल्या ओठात.

"त्यानं भेगेचंच विचारलं होतं," बाबा म्हणाले. "मी भेगेचंच सांगितलं."

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. "तुम्हाला माहीत होतं, हो म्हटलं की अर्ज बाद?"

"तू चार वेळा वाचून दाखवलायस तो कागद. बाद झाला की पाडणार नाहीत, एवढं मला कळतं. माझ्या हातचं एक तरी उभं राहील."

"मग दुसऱ्यांदा?" माझा आवाज मलाही नीट ऐकू येत नव्हता. "दुसऱ्यांदा भेगेचं का नाही सांगितलंत?"

ते समोरच्या टेकूंकडे बघत होते.

"दुसऱ्यांदा तू विचारलंस," ते म्हणाले.